खात्रीचे श्रोते

४ नोव्हेंबर

दादा,

महिन्याचं पत्र दहा तारखेला लिहायचं ठरलेलं असताना हे चार तारखेलाच आलं, म्हणजे घरात कुणीतरी गेलं, असं तुला वाटेल. घरात बाबा आणि मी दोघंच आहोत. पत्र मी लिहितेय आणि बाबा शेजारच्या खोलीत रक्त तपासायला घेऊन जायला आलेल्या नर्सला तिची जीवनकहाणी विचारतायत. तेव्हा निश्चिंत मनाने पुढे वाच.

काल त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासायला त्यांनी आ करायला सांगितलं, तर बाबांनी आधी डॉक्टरांची मुलाखत घेतली. या क्षेत्राकडे कसे वळलात, घरून पाठिंबा होता का, नव्या मुलांना काय सांगाल. बाहेर अकरा पेशंट खोळंबलेले. डॉक्टर बिचारे रंगात येऊन उत्तरं देत होते, कारण त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी आरशाच्या चमच्याने घशात पाहिलं आणि त्यांचा रंग उतरला.

स्वरयंत्रावर गाठ आहे. वाईट आहे. ऑपरेशन चोवीस तारखेला. माणूस वाचेल असं डॉक्टर म्हणतात. आवाज राहणार नाही. घोगरा, बारीक, चिरका, कसाही राहणार नाही. स्वरयंत्रच काढून टाकणार आहेत.

बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे चोवीसपर्यंत प्रक्षेपण चालू." डॉक्टर हसले. मी नाही हसले. तिथेच माझ्या लक्षात आलं की हे तुला कळवायला हवं.

माझं मागणं एवढंच: चोवीसच्या आत एकदा फोन कर. फोन हा तुझा जुना वैरी आहे, हे मला माहीत आहे. घरच्यांशी बोलताना तुझा शब्द अडला की पलीकडचा माणूस लाइन कट झाली समजून ठेवून देतो, हेही माहीत आहे. पण त्यांच्याशी एकदा बोल. छत्तीस वर्षं झाली. मधे आई गेली तेव्हा दोन दिवस आलास, हॉटेलात उतरलास आणि बाबांशी एक अक्षर न बोलता गेलास. तेव्हा ते पंचावन्न-साठचे होते, मला वाटलं पुढे बघू. आता पुढे वीस दिवस आहेत.

तुला त्यांचा उत्तरार्ध माहीतच नाही. तुझ्या डोक्यात ते अजून रेडिओवरचे 'मामा' असणार. बुधवारी संध्याकाळी सव्वासातला 'मामांचं टपाल' लागलं की आपल्या गल्लीतली भांडणं अर्धा तास तहकूब व्हायची. रेडिओ तापायला मिनिटभर घ्यायचा, म्हणून आई सात चौदालाच तो लावायची. आधी खरखर, मग तो आवाज. उंच, रुंद खांद्यांच्या, दाट केसांच्या माणसाचा आवाज. गावातल्या निम्म्या बायका त्या खांद्यांवर मान टाकून होत्या. आपल्या घरात मात्र पाच फूट दोन इंचांचे, टक्कल पडलेले गृहस्थ राहत. मामा बनवणं हा वाक्प्रचार आपल्याकडे जपून वापरावा लागे, आठवतं?

तू गेल्यावर दोन वर्षांनी टीव्ही आला आणि मामांना तिकडे बसवलं. पहिल्या दिवशी तोंडाला इतकी पावडर फासली की बाबा म्हणाले, आता मला फक्त तळायचं बाकी आहे. दिव्यांनी तेही काम केलं. खुर्चीवर दोन फायली ठेवून त्यांना उंच केलं होतं. दुसऱ्या आठवड्यात पत्रांचा पाऊस. एका बाईंनी लिहिलं होतं, "खऱ्या मामांना परत आणा. त्यांचा आवाज काढणारा हा बुटका माणूस आम्हाला फसवू शकणार नाही." बाबांनी ते पत्र कॅमेऱ्यात बघून वाचलं आणि म्हणाले, "बाई, मीही त्यांना शोधतोय." झालं. त्यानंतर चौदा वर्षं त्यांना त्या खुर्चीवरून कुणी हलवलं नाही. फायली मात्र शेवटपर्यंत त्याच होत्या.

त्या बुधवारबद्दल मी काही लिहिणार नाही. ते तुमच्या दोघांतलं आहे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, मला काय कळतंय.

फोन कर.

तुझी
कात्री

१२ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं. चार वाक्यं. तुझी पत्रं एरवी सहा-सहा पानांची असतात. तुझ्या चष्म्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं कशी चुकीची वाचतं, याची तू केलेली वर्णनं मी माझ्या सदरात दोनदा ढापली आहेत आणि दोन्ही वेळा संपादकांनी 'तुम्हाला सुचतं तरी कसं' म्हटलंय. (हे कबूल केलेलं बरं, कबुलीची सवय लागते.) आणि या वेळी फक्त चार वाक्यं: "त्यांनी माझ्या ड्रॉवरमधून माझा कागद चोरला आणि गावाला वाचून दाखवला. वर विनोद केला. त्यांचा आवाज मी पुरेसा ऐकलाय. तू स्वतःला जप."

ठीक आहे. मग त्या बुधवारबद्दल लिहितेच.

तुला स्टुडिओ आठवतो का? एकदा आपल्या दोघांना नेलं होतं. दाराशी चपला काढायच्या, कारण चपला करकरतात. भिंतींना भोकांचे पुठ्ठे, खाली जाड गालिचा, टेबलावर हिरवं कापड. आत शिरल्यावर स्वतःच्या कानात कापूस कोंबल्यासारखं वाटायचं. काचेमागे यंत्रं चालवणारे काका. आतले आणि बाहेरचे फक्त बोटांनी बोलत. तू मला तिथे म्हणालास, आणि एकदाही न अडता म्हणालास, "ही खोली मला आवडली. इथे सगळे खुणांनी बोलतात."

बाबा कागद उलटत नसत, अलगद डावीकडे सरकवत, म्हणजे माइकला सळसळ ऐकू जात नाही. आणि पत्रं ते आधी वाचत नसत. हे तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नव्हतं. आधी वाचलं की आवाजात शिळेपणा येतो, असं त्यांचं मत. घड्याळ लावून फक्त लांबी मोजायचे: एक पान, सव्वा मिनिट. मजकूर श्रोत्यांच्या बरोबरीने त्यांनाही पहिल्यांदा कळायचा. म्हणूनच ते इतके ताजे हसायचे.

म्हणजे त्या बुधवारी "एका तरुणाचं पत्र" त्यांनी उचललं, तेव्हा त्यात काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. "आमच्या घरात बोलण्याचं काम एकाच माणसाकडे आहे. मी वाक्य सुरू करतो, संपवतात वडील. माझं एकही वाक्य मी अजून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही." त्यांनी ते किती सुंदर वाचलं, दादा. तोच तर गुन्हा. मी रेडिओपाशी बसले होते. आई भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, कुणाचं गं लेकरू हे.

मग ते थांबले. सात सेकंद. आकाशवाणीच्या हिशेबात सात सेकंद म्हणजे अंत्ययात्रा. काचेमागच्या काकांनी मला पुढे सांगितलं, त्यांचा हात तबकडीवर गेला होता, गाणं लावायला. बाबांनी बोटाने नको म्हटलं आणि ते वाक्य आलं, "भाच्या, नशीबवान आहेस. काहींचे वडील वाक्य सुरूही करू देत नाहीत."

तू ते न्हाव्याकडे ऐकलंस. दुकान खदखदून हसलं, आणि तू अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण, असा घरी आलास. बाबा आठ वाजता आले. तू दारातच त्यांना गाठलंस. "तुम्ही हे मु... मु..." आणि बाबांनी, त्या रात्रीसुद्धा, त्या क्षणीसुद्धा, तुझं वाक्य संपवलं. "मुद्दाम नाही रे केलं. ते टपालाने आलं होतं."

टपालाने आलेलं नव्हतं, हे तुला माहीत होतं. ते तुझ्या ड्रॉवरमध्ये कंपासपेटीखाली होतं. तू बॅग भरलीस. गालावरचा साबण तसाच वाळला होता.

मग ते ड्रॉवरमधून बाबांच्या टपालाच्या गठ्ठ्यात आलं कसं, असं तू विचारशील. पोस्ट पाच वाजता बंद होतं, इथेच थांबते.

कात्री

१३ नोव्हेंबर

दादा,

कालचं पत्र टाकून आले आणि पोस्टाच्या पायरीवरच बसले. तिकिटं विकणाऱ्या बाईंनी विचारलं, चक्कर आली का. म्हटलं, नाही, पन्नाशी आली.

ते मी घेतलं होतं.

आता सविस्तर. 'मामांचं टपाल'मध्ये टपाल फारसं नसायचं. यायचं ते सगळं फर्माइशींचं: अमुक गाणं लावा, तमुकच्या वाढदिवसाला शुभेच्छा द्या. त्यावर अर्धा तास कसा निघणार? म्हणून बाबांनी काही खात्रीचे श्रोते बाळगले होते. त्यांचा पत्ता आपल्याच घरचा. एक निवृत्त हेडमास्तर, तो तिरकस लिहायचा. एक नवी सून, ती रडकी. आणि एक शिंपी, तो तत्त्वज्ञ. तिघंही मीच. बाराव्या वर्षापासून. तीन शाया, तीन अक्षरं. बाबांच्या खोलीत शुद्धलेखनाच्या नावाखाली दार लावून हे चालायचं. आईला पत्ता नव्हता, तुला नव्हता. हेडमास्तरांना एकदा खरीखुरी लग्नाची मागणी आली होती, एका विधवा बाईंची. मी उत्तरात प्रकृतीचं कारण दिलं. लोक मला आज विचारतात, तुम्ही विनोद लिहायला कुठे शिकलात. मी काहीतरी खोटं सांगते.

बाबा माझी पत्रंही प्रक्षेपणातच पहिल्यांदा वाचायचे आणि घरी येऊन एकच शब्द बोलायचे. "चालेल." दोन वर्षं "चालेल". एकदा तरी "वा" ऐकायचं होतं मला. त्या आठवड्यात भूमितीची परीक्षा होती. माझा कंपास मोडला म्हणून तुझा काढायला गेले. खाली कागद. वाचला. पहिल्यांदा मला तुझं दुःख जाणवलं नाही, दादा. पहिल्यांदा जाणवलं ते हे, की याने माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय. मग शिंप्याच्या अक्षरात उतरवून काढलं, शिंप्याच्या जागी तरुण घातला आणि गठ्ठ्यात सारलं. नाव नाही, गाव नाही, कोण ओळखणार? दुसऱ्याचं घर जळताना त्यावर पोळी भाजून घेणारी माणसं मी सदरात दर आठवड्याला झोडपते. ती मला इतकी नेमकी कशी दिसतात, याचं कारण आता तुला कळलं.

तू दारात उभा होतास तेव्हा मी स्वयंपाकघराच्या चौकटीत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर त्यांना ठाऊक होतं. पाहिलं, आणि म्हणाले टपालाने आलं. त्यानंतर छत्तीस वर्षांत त्यांनी हा विषय माझ्यापाशी काढला नाही, आणि मी त्यांच्यापाशी. तू महिन्याला एक पत्र मला पाठवत राहिलास. एकटी तूच आहेस घरातली, असं लिहीत राहिलास. मी ते वाचून फाइलला लावत राहिले.

आज सकाळी विचारलं त्यांना. गच्चीवर कपडे वाळत घालत होते. आता सगळं बोलून घ्यायचं म्हणून हल्ली ते चिमट्यांशीही बोलतात. म्हटलं, तेव्हा माझं नाव का नाही घेतलंत?

"एक पोर चाललं होतं. दुसरंही घालवू?"

मग दोन चिमटे लावून म्हणाले की पत्रं घरीच बनतात हे बाहेर आलं असतं तर नोकरीही गेली असती. दोन्ही कारणं खरी असणार. पहिलं कुठलं, ते मी विचारलं नाही. पण तो विनोद का केलात, हे विचारलं. तुम्हाला कळलं होतं ना, कुणाचे शब्द आहेत ते?

"दुसऱ्याच ओळीला कळलं."

"मग?"

"सात सेकंद झाले होते गं."

ते असं म्हणाले जणू एखादा माणूस सांगतोय की घराला आग लागली होती. चाळीस वर्षं ज्याने हवा रिकामी राहू दिली नाही, त्याला त्या वेळी दुसरं काही येत नव्हतं. मी त्यांची वकिली करत नाहीये. विनोद त्यांचाच होता, तेवढा त्यांच्या नावावर राहू दे. चोरी माझ्या नावावर कर.

हे पाकीट पेटीत पडलं की तुझी पत्रं थांबतील, हे मला कळतंय. माझ्याकडे दुसरं कुणी पत्र पाठवणारं नाही. लग्न मी केलं नाही आणि मैत्रिणींवर लेख लिहिले. तरीही टाकतेय. तुझं भांडण चुकीच्या माणसाशी चाललंय आणि त्या माणसाकडे अकरा दिवस उरलेत.

फोन त्यांच्या पलंगाशेजारी ठेवला आहे. मी उचलणार नाही.

कात्री

१ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र नाही, त्यामुळे हे कशाचं उत्तर नाही.

मी फोन करायला सांगितलं होतं, तू बावीस नोव्हेंबरला दारातच येऊन उभा राहिलास. दोन दिवसांचा प्रवास करून. दार मी उघडलं. तू माझ्या खांद्यावरून आत पाहिलंस, जसं खांबाआडून बघतात, आणि बाबांच्या खोलीत जाऊन कडी लावलीस.

मी बाहेर स्टुलावर बसले. दाराला कान लावला नाही. लावायची फार इच्छा होती, पण तुझं आतलं मी एकदा बाहेर आणलं आहे. तरी शब्दांखेरीज उरलेलं ऐकू येतच होतं. तुझा आवाज चालायचा, अडायचा, बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा चालायचा. अडल्यावर बाबांचा आवाज येईल म्हणून मी प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत होते. एक तास चाळीस मिनिटं. आला नाही. म्हणजे मधे आला नाही. शेवटी आला तेव्हा ते बरंच काही बोलले, हळू, आणि तो मामांचा आवाज नव्हता. तो मी कधी ऐकलेला नाही. ज्याच्यासाठी होता त्याने ऐकला.

तू नऊ दिवस राहिलास. त्या नऊ दिवसांत तू डॉक्टरांशी बोललास, नर्सशी बोललास, पेपर टाकणाऱ्याशी त्याच्या जाड चष्म्याबद्दल पाऊण तास बोललास. माझ्याशी नाही. मी जेवायला वाढलं की तू जेवायचास. एकदा मीठ कमी होतं, तर उठून स्वतः घेतलंस. माझ्याबद्दल कुणी आजवर इतकं जहाल लिहिलेलं नाही, आणि लिहिणारे थोडे नाहीत. मला ते रास्त वाटलं. आजही वाटतं. हे पत्र तक्रारीचं नाही.

बाबांचं कळवते, ते तुला हवं असेल. जखम भरली. नळीतून श्वास घेतात. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्यातून आलं होतं. बाबांनी एकदा लावून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "हा उमेदवार मी आवाजाच्या चाचणीत नापास केला असता." आता पाटीच. त्यांचं अक्षर इतकं वाईट आहे हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. सगळं आयुष्य लिहिण्याचं काम त्यांनी मला दिलेलं.

जुन्या कचेरीतून एक तरुण बाई आल्या होत्या. 'मामांचं टपाल'च्या फिती हव्यात म्हणाल्या, काही कार्यक्रम करायचाय. कचेरीत एकही फीत उरलेली नाही, तेव्हा त्याच फितींवर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचे. तुमच्याकडे काही आहे का, निदान श्रोत्यांची मूळ पत्रं? बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पाटी मांडीवर तशीच. मी त्या बाईंना सांगितलं. हेडमास्तर, सून, शिंपी, सगळं. फक्त तुझं पत्र सोडून. ते सांगायचा हक्क माझा नाही. बाई चहा अर्धा टाकून गेल्या. बाबा हसले. आता त्यांच्या हसण्याला आवाज नसतो, खांदे हलतात. रुंद नाहीत पण हलतात.

संपादक विचारत होते, वडिलांवर लिहा की, लोकांना फार आवडेल, जुना काळ, रेडिओ वगैरे. मी नगरपालिकेच्या दिव्यांवर लिहून दिलं.

आणि रविवार. दर रविवारी दहा वाजता तुझा फोन येतो. तुला बाबांशी बोलायचं असतं आणि बाबा तर बोलू शकत नाहीत, त्यामुळे अर्धा तास एकटा तूच बोलतोस. ते रिसीव्हर कानाला धरून बसतात आणि नखाने टकटक करतात. एक टकटक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे काय, ते तुम्हा दोघांनाच ठाऊक. नर्स म्हणते, समोरून कुणी बोलतंय का हो, की नुसतेच धरून बसतात? मी म्हणते, बोलतोय, वेळ लागतो त्याला.

पण उचलावा मलाच लागतो. ते पलंगावर उठून बसेपर्यंत घंटी थांबते. मी "हॅलो" म्हणते आणि तू म्हणतोस, "बाबांना दे." दोन शब्द. तो स्टुडिओतला दिवस सोडला, तर एवढ्या वर्षांत तुझ्या तोंडून इतकं सरळ, गुळगुळीत वाक्य मी ऐकलेलं नाही. परक्या माणसांशी तू कधीच अडखळत नव्हतास. अडखळायचास ते आमच्यापाशी.

मी लगेच देते.

एखाद्या रविवारी त्या दोन शब्दांवर तू अडलास, तर मला कळेल. मी फोन हातात धरून उभी राहीन. कितीही सेकंद लागू देत, मधे बोलणार नाही.

तुझी
कात्री